जिरं, अनार, किसमिस

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काशगरला, म्हणजे चीनच्या पार पश्चिमेकडच्या शिंजियांगमधल्या उइघुर मुसलमानांच्या शहरात, जाऊन आले आहे हे कळलं की दुसऱ्याच वाक्याला प्रश्न येतो: "चिनी येत नाही, उइघुर येत नाही, मग बाजारात बोललात तरी काय? आणि खाल्लंत तरी कसं?"

बाजारात लागते तेवढी भाषा मी घरूनच घेऊन गेले होते. ती आईच्या मिसळणाच्या डब्यात आणि दिवाळीच्या सुक्या मेव्याच्या पिशवीत होती. ती भाषा आहे हे मात्र मला तिकडे जाऊन कळलं.

मी गेले 2012च्या सप्टेंबरअखेरीस. आधी घड्याळाचं सांगते, कारण तिथे सगळं त्यावर अडतं. सगळ्या चीनला वेळ एकच, बीजिंगची. पण काशगर इतकं पश्चिमेला आहे की त्या घड्याळात सकाळचे साडेआठ वाजून गेले तरी सूर्य उगवत नाही. म्हणून उइघुर माणसं आपलं घड्याळ दोन तास मागे ठेवतात. ती वेळ भारतापेक्षा फक्त अर्धा तास पुढे. नानवाल्यानं सात बोटं दाखवून "सातला ये" असं सांगितलं, तेव्हा ते त्याचे सात होते. मी माझ्या मनगटावरचं घड्याळ अर्धाच तास पुढे सरकवलं आणि परत येईपर्यंत तसंच ठेवलं.

बाजाराची सुरुवात नानपासून करा, असं मी प्रत्येकाला सांगते. काशगरच्या मोठ्या ईद गाह मशिदीच्या मागच्या गल्ल्यांमध्ये दर थोड्या अंतरावर एक भट्टी होती. तिचं नाव तोनुर, म्हणजे आपला तंदूर. नानवाला कणकेचा गोळा बोटांनी थापून पसरतो, मग कोंबडीच्या पिसांच्या देठांची जुडी बांधून केलेल्या शिक्क्यानं मधोमध टोचे मारतो. त्या टोच्यांची गोल गोल नक्षी उठते. वर चिरलेला कांदा, तीळ नाहीतर कलौंजी. गोल गादीवर नान ठेवून हात खांद्यापर्यंत भट्टीत घालायचा आणि भिंतीला थापायचं. निघतं ते दोन लांब सळ्यांनी. हेमेक नान ताटाएवढं, मधे पातळ, कडेला फुगीर. गिर्दे नान हाताच्या पंजाएवढं, जाड, मधे खळगा पडलेलं. गिर्दे मी पाच दिवस पिशवीत बाळगलं, चहात बुडवलं की पुन्हा मऊ. वाळवंटाच्या कडेनं प्रवास करणाऱ्यांची ही शिदोरी.

पहिल्या दिवशी मी ते विकत घेऊन उलटं ठेवलं. शेजारच्या आजींनी काही न बोलता ते सुलट केलं, आणि पडलेला तुकडा उचलून कडेला, कुणाचा पाय लागणार नाही अशा जागी ठेवला. नान पालथं ठेवायचं नाही, त्यावर पाय पडू द्यायचा नाही, अख्खं तोंडाला लावायचं नाही. हातानं तोडून आधी सगळ्यांपुढे ठेवायचं. लग्नात नवरानवरी मिठाच्या पाण्यात बुडवलेला नानचा तुकडा वाटून खातात. भाकरीचा तुकडा पायाखाली आला तर तो उचलून कपाळाला लावणाऱ्या घरात मी वाढले. त्या आजींना मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग शब्द सापडत गेले. मसाल्याच्या दुकानात पोत्यावर बोट ठेवून मी सहज म्हणाले, "जिरं." दुकानदार थबकला आणि म्हणाला, "झिरे." मी पुन्हा म्हणाले, त्यानंही पुन्हा म्हटलं, आणि मग त्यानं शेजारच्या दोन दुकानदारांना हाक मारून बोलावलं. मी कांद्याकडे बोट केलं, "प्याज?" "पियाझ!" मेवा? मेवे. बदाम? बादाम. पिस्ता? पिस्ते. शोरबा तिथे शोर्पा, पुलाव तिथे पोलो, समोसा तिथे साम्सा. साम्सा मात्र तळत नाहीत, आत मटण-कांदा भरून त्याच तोनुरच्या भिंतीला चिकटवून भाजतात. आमच्या भोवती आठदहा माणसं जमली. प्रत्येक जण काहीतरी उचलून माझ्यापुढे धरत होता आणि मी नाव सांगेपर्यंत थांबत होता. सप्ताळूला तिथे शाप्तुल म्हणतात, हे कळलं तेव्हा मला माझी चुलत आजी आठवली. आमच्या घरात पीचला सप्ताळू म्हणणारी ती शेवटचीच. विदर्भातली माणसं कलिंगडाला टरबूज म्हणतात, तिथे तावूझ.

यात जादू काही नाही. यातले बरेच शब्द फारसीतून इकडेही उतरले आणि तिकडेही. माल मात्र थेट जात होता. लेहहून काराकोरम खिंड ओलांडून शिंजियांगमधल्या यारकंदला जाणारे काफिले विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होते. इकडून कापड आणि मसाले, तिकडून रेशीम, नमदे म्हणजे लोकरीच्या जाड सतरंज्या, आणि गालिचे. ती खिंड साडेपाच हजार मीटरहूनही उंच आहे. काशगरच्या चहावाल्याकडे वेलदोडा, लवंग, दालचिनी आणि सुकलेल्या गुलाबपाकळ्या एकत्र कुटलेलं मिश्रण मिळतं. ते नाकाशी धरलं तेव्हा आधी वेलदोडा आला. तो वेलदोडा तिथल्या मातीतला नाही, हे वेगळं सांगायला नको.

खाण्याचं विचाराल तर संध्याकाळी मशिदीसमोरच्या रात्रबाजारात कवाप. मटणाचे तुकडे, मधे शेपटीच्या चरबीचा एक, वरून मीठ, तिखट आणि मूठभर जिरं. निखाऱ्यावर चरबी ठिबकली की जिऱ्याच्या वासाचा लोट रस्त्यापलीकडे जातो. पिवळ्या गाजरांचा पोलो, हातानं ओढून लांबवलेल्या शेवयांचं लगमन. शाकाहारी माणसाचं थोडं कठीण आहे, पण नान, दही, फळं आणि भाज्यांचं लगमन यावर दिवस जातात. फळांसाठी तर सप्टेंबरच हवा. अनार तिथेच पिळून पेल्यात देतात. काशगरशेजारच्या आतुशची अंजिरं, तिथे अंजूर, पिवळीधमक असतात. पुरंदरचं अंजीर मी लहानपणापासून खाते आहे. पण अंजिराच्याच पानात ठेवून, तळहातानं दाबून चपटं करून दिलेलं ते फळ वेगळंच होतं, जवळजवळ पाकासारखं.

आणि किसमिस. इथे मला जास्त बोलू द्या, कारण आम्ही तासगावचे. घरची द्राक्षबाग, घरची बेदाण्याची शेड. आमच्याकडे थॉम्पसन, सोनाका जातीची द्राक्षं उतरवली की डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, मग शेडनेटखाली जाळीच्या रॅकवर पसरतात. काशगरच्या आधी मी शिंजियांगमधल्याच तुर्फानला चुंचे, म्हणजे द्राक्षं वाळवायच्या खोल्या, पाहिले होते. कच्च्या विटांची घरं, भिंतीत एकाआड एक वीट काढून ठेवलेली, जणू विटांची जाळीच. आत खुंट्यांवर घडच्या घड टांगलेले. ऊन आत येत नाही, फक्त खोलगट जमिनीवरून येणारा तापलेला कोरडा वारा. तुर्फानचा तळ समुद्रसपाटीच्याही दीडशे मीटर खाली आहे. महिना-सव्वा महिन्यात मणी वाळतो आणि हिरवाच राहतो. तिथलं बिनबियांचं द्राक्ष आमच्या थॉम्पसनच्याच कुळातलं. मी त्या चुंचेत तासभर उभी होते. आमच्या शेडमध्ये असते तशीच ती गोड, किंचित आंबूस हवा.

काशगरच्या बाजारात किसमिसवाल्यापुढे पाचसहा ढीग होते: हिरवी, काळी, तांबूस, बोटाच्या पेराएवढी लांब. आईनं प्रवासात तोंडात टाकायला आमच्या बेदाण्याची पुडी दिली होती, ती मी उघडून पुढे केली. त्यानं एक मणी उजेडात धरला, बोटांत चोळला, चोळलेलं बोट हुंगलं, मग खाल्ला. आमच्याकडे सौद्याला आलेला व्यापारी नेमकं हेच करतो. "किशमिश. हिंदिस्तान?" मी मान डोलावली. त्यानं प्रत्येक ढिगातून मूठमूठ भरून माझ्या पुडीत ओतलं. मी "कांचे पुल?" म्हटलं, किती पैसे, तर हात छातीवर ठेवून नुसतंच "एलिङ, एलिङ", घ्या, घ्या.

आता तुमच्यातले काही जण पुढचा प्रश्न विचारतात: आज जावं का? मला याचं सोपं उत्तर देता येत नाही. मी गेले ते काशगर राहिलेलं नाही. जुन्या शहराची पाडापाडी 2009पासूनच सुरू होती, मी फिरले त्या गल्ल्यांच्या शेजारीच क्रेन उभ्या होत्या. पुढे 2017पासून लाखो उइघुर आणि इतर मुस्लिम माणसं सरकारी छावण्यांत डांबली गेली. खाटकाच्या, खानावळीच्या सुऱ्या साखळीनं ओट्याला जखडल्या गेल्या. त्याच वर्षी शिंजियांगच्याच खोतान विभागातल्या शाळांमध्ये उइघुर भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं 31 ऑगस्ट 2022च्या अहवालात म्हटलं की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तो जिरेवाला होता. त्याच्या तोंडचा एकेक शब्द मी दुकानात उभं राहून मोठ्यानं म्हटला होता आणि तो हसला होता.

जाणारच असाल तर तिथल्या कुणालाही सरकारबद्दल, छावण्यांबद्दल, घरच्या माणसांबद्दल काही विचारू नका. तुम्ही विमानात बसाल, उत्तर त्याला द्यावं लागेल. विचारल्याशिवाय चेहऱ्यांचे फोटो काढू नका. पण नान घ्याल तेव्हा "नान" म्हणा, आभार मानाल तेव्हा "रेहमेत" म्हणा. त्याची भाषा त्याच्याच दुकानात बाहेरच्या कुणाच्या तोंडून ऐकू येणं, एवढं तरी आपण देऊ शकतो.

त्या पुडीतली अर्धी किसमिस मी घरी आणली. वडिलांनी पांढरी ताटली मागवली, हिरवे मणी त्यावर पसरले, चष्मा लावला. एक मणी चोळून बोटं बघितली. मग देठाकडची बाजू नखानं दाबली.

"तेल लावल्यालं न्हाई," ते म्हणाले. "नुसत्या वाऱ्यावर वाळवलंय. कुणाची शेड म्हणालीस?"