ब्वेनोचे मानपान

स्पॅनिश शिकायला बसलं की पहिल्या काही दिवसांतच 'ब्वेनो' भेटतो. अर्थ एका शब्दात सांगून होतो: चांगला. लिंग-वचनाचं म्हणाल, तर मराठी माणसाला त्यात नवल काही नाही. चांगला, चांगली, चांगले करतच आपण लहानाचे मोठे होतो. तिकडे ब्वेनो, ब्वेना, ब्वेनोस, ब्वेनास. उलट नपुंसकलिंगी नामं नाहीत आणि 'चांगल्या मुलाला' म्हणताना होतं तसं सामान्यरूपही नाही, म्हणजे ओझं हलकंच. फक्त शेवटच्या अक्षरावरून नामाचं लिंग ठरवायची घाई करू नये. 'दिआ' म्हणजे दिवस. आकारान्त दिसतो, पण आहे पुल्लिंगी. म्हणून सकाळी 'ब्वेनोस दिआस', दुपारी 'ब्वेनास तार्देस' आणि रात्री 'ब्वेनास नोचेस'. योगायोग असा की दिवस, दुपार आणि रात्र यांची लिंगं मराठीतही हीच आहेत. तेवढं पाठांतर वाचलं.

पुल्लिंगी एकवचनी नामाच्या पुढे उभा राहिला की ब्वेनो आपला 'ओ' टाकून देतो. 'उन ब्वेन आमिगो', चांगला मित्र. नामाच्या मागे गेला की 'ओ' परत: 'उन आमिगो ब्वेनो'. स्त्रीलिंगात आणि अनेकवचनात मात्र काहीच गळत नाही: 'उना ब्वेना आमिगा', 'ब्वेनोस आमिगोस'. हा नियम एका शहराच्या नावातच कोरलेला सापडतो. पेद्रो दे मेंदोसाने 1536 मध्ये वसवलेल्या वस्तीच्या नावात 'ब्वेन आयरे' होतं, म्हणजे एकवचनी 'चांगली हवा'; आज आपण म्हणतो ते 'ब्वेनोस आयरेस' अनेकवचनी, म्हणून पूर्ण रूपात. ब्वेनो पदवीसारखा नावामागे लागला तरीही अख्खाच राहतो. माद्रिदच्या मेट्रोत 'गुस्मान एल ब्वेनो', म्हणजे 'चांगला गुस्मान', नावाचं स्टेशन आहे.

जागा बदलली की अर्थही जरा सरकतो. 'उन ब्वेन मेदिको' म्हणजे हाताला गुण असलेला डॉक्टर. 'उन ओम्ब्रे ब्वेनो' म्हणजे मनाचा चांगला माणूस.

इथवर सगळं सुरळीत चालतं. खरी फजिती होते क्रियापदापाशी. आपल्याला एकच 'आहे' पुरतं, स्पॅनिशला 'सेर' (त्याचं रूप 'एस') आणि 'एस्तार' (त्याची रूपं 'एस्ता', 'एस्तोय') असे दोन लागतात. 'ला सोपा एस्ता ब्वेना' म्हणजे समोरच्या वाटीतलं सूप चविष्ट झालंय. 'ला फ्रुता एस ब्वेना पारा ला सालुद' म्हणजे फळं तब्येतीला चांगली, हा कायमचा गुण. जेवायला बोलावणाऱ्यांच्या घरी पहिलं वाक्य लागतं, आहारतज्ज्ञाकडे दुसरं. माणसांच्या बाबतीत हा फरक नाजूक होतो. 'एस ब्वेना' म्हणजे ती भली आहे. 'एस्ता ब्वेना' म्हणजे दिसायला मादक आहे, आणि तेही टपोरी सुरात. एकच वाक्प्रचार पाहा: 'मास ब्वेनो के एल पान', पावापेक्षा चांगला. 'सेर' लावलं की देवमाणूस, 'एस्तार' लावलं की देखणा गडी. तेव्हा कुणी 'कसे आहात?' विचारलं, तर 'एस्तोय ब्वेनो' म्हणू नये. 'एस्तोय ब्येन' म्हणावं.

हा 'ब्येन' मराठी माणसाला हमखास चकवतो, आणि त्याचं कारण आपल्याच भाषेत आहे. 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' असं आपण बिनदिक्कत म्हणतो. क्रियेबद्दल बोलायचं असूनही 'चांगला' गाणाऱ्याप्रमाणे बदलतो. ती सवय तशीच तिकडे नेली की 'काँता ब्वेना' तयार होतं, आणि ते चूक आहे. क्रिया कशी होते हे सांगायचं असेल तर 'ब्येन', मग गाणारा एक असो की दहा, बाई असो की बुवा: 'काँता ब्येन', 'काँतान ब्येन'. थोडक्यात, मराठीत 'नीट' जसा कुणासाठीच बदलत नाही, तसा 'ब्येन'. मनात 'चांगला' आला की तिथे 'नीट' बसतंय का ते बघावं. बसलं, तर बहुतेक वेळा 'ब्येन'च हवा.

तुलनेत 'अधिक चांगला' म्हणजे 'मेखोर'. 'मास ब्वेनो' शक्यतो मनाच्या चांगुलपणाविषयी बोलतानाच येतं, आणि पावासारख्या ठरीव प्रयोगांत. 'खूपच चांगला' साठी 'ब्वेनिसिमो' आहे. 'बोनिसिमो' हे रूपही बरोबर, पण जरा पुस्तकी.

आणि ज्याला चांगुलपणाशी काहीच घेणं-देणं नाही असा एक ब्वेनो आहे, बोलताना सगळ्यात जास्त कानावर पडणारा. तो म्हणजे आपला 'बरं'. 'ब्वेनो, मे बोय' म्हणजे 'बरं, निघतो'. हा कुणासाठीच बदलत नाही. बाई बोलत असली तरी 'ब्वेनो'च. मेक्सिकोत फोन उचलून 'ब्वेनो?' म्हणतात, म्हणजे आपलं 'हॅलो'. स्पेनमध्ये त्या जागी 'दिगा' किंवा नुसतं 'सी?' ऐकू येतं. दुकानात शिरताना मात्र 'ब्वेनास' एवढं पुरतं. पुढचं 'तार्देस' की 'नोचेस' हे ऐकणाऱ्याने घड्याळ बघून समजून घ्यायचं.