पाण्याची नळी आणि केसाएवढा तंतू

आजचा अख्खा दिवस प्रयोगशाळेत एका काचेच्या तंतूसोबत गेला, म्हणजे कवटीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरसोबत. जाडी १२५ मायक्रोमीटर, साधारण केसाएवढी. टोकाला इवलासा पडदा, त्यामागे सूक्ष्म पोकळी. दाब वाढला की पडदा आत दबतो, पोकळीची लांबी बदलते आणि परत येणाऱ्या प्रकाशातून ते कळतं. टोकाशी वीज नाहीच, त्यामुळे एमआरआयच्या चुंबकाचाही त्रास नाही.

तपासणी मात्र अगदी जुन्या पद्धतीची. उभ्या नळीत पाणी, १३.६ मिलिमीटर पाणी म्हणजे पाऱ्याचा १ मिलिमीटर. सेन्सर थोडा थोडा खाली सोडायचा, आकडा लिहायचा, मग तसाच वर आणायचा. जाताना-येताना आकडे जुळले तेव्हा फार बरं वाटलं.

दुपारी पाणी ३७ अंशांवर नेलं आणि दाब तोच असताना सेन्सरचं शून्य, म्हणजे जिथून तो मोजायला सुरुवात करतो तो आकडा, सरकलं. पाऱ्याचे जेमतेम २ मिलिमीटर. पण निरोगी प्रौढ माणूस आडवा असताना कवटीतला दाबच ७ ते १५ च्या आसपास असतो. तिथे २ म्हणजे लहान गोष्ट नाही. शिवाय सेन्सर एकदा आत बसवला की शून्य तपासायला मध्येच बाहेर काढता येत नाही. हा विचार डोक्यातून जात नाहीये. याच आकड्याकडे बघून कुणीतरी रात्री ३ वाजता निर्णय घेणार असतं.

पडद्यावर बुडबुडा अडकलाय का तेही पाहिलं, नव्हता. म्हणजे तापमानाची दुरुस्ती नव्याने बसवायला हवी. आज रात्रभर सेन्सर कोमट पाण्यात, स्थिर दाबाखाली आहे. सकाळी गेल्या गेल्या आधी आलेख बघणार.