गुळाचा चहा आणि 7.9

बेळगावातल्या वडगावातून रविवार पेठेत चालत जायचं, फॉल आणि दोऱ्याची रिळं घ्यायची आणि परत यायचं, हे मी वीस वर्षं करतेय. घरीच साड्यांना फॉल-पिको करते. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर मी तीनदा थांबले, तेही रिकाम्या पिशवीनं. घरी आले तर आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, बघतच राहिल्या. "तोंड कसं पांढरंफट्ट पडलंय ग. चा पिऊनच पोट भरूलीस तू."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.9. बाईमाणसाला निदान 12 तरी हवं.

मला वाटलं, डॉक्टरीणबाई आता काय खाते ते विचारणार. त्यांनी आधी पाळीचं विचारलं. आठ-आठ दिवस जाते आणि गाठी पडतात, हे मी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. वय झालं की असंच असतं अशी समजूत. सोनोग्राफीत गर्भाशयात बारीक गाठ निघाली, तिचं औषध सुरू झालं. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी झाली, तोही तळाला गेलेला. जंताची गोळी दिली. घागर गळत असताना वरून पाणी ओतून काय उपयोग, असं त्या म्हणाल्या, आणि ते मला पटलं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तशी गल्लीतल्या सल्ल्यांनाही सुरुवात झाली. बीट खा. डाळिंब खा. नाचण्याची आंबील पी. चहात साखरेऐवजी गूळ घाल. मी सगळं केलं. बीट किसून किसून बोटं लाल झाली, पण 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, हे मला महिन्याभरानं कळलं. रंग लाल म्हणून रक्त वाढेल, एवढाच त्यामागचा हिशेब. नाचणा चांगलाच, आत्ती खानापूरकडच्या, त्यांच्या माहेरी नाचण्याशिवाय दिवस जात नसे. पण त्याची खरी ताकद कॅल्शियममध्ये, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात लोह चार-पाच मिलिग्रॅम असतं, आणि नाचणा भिजवून मोड आणले किंवा आंबवला तर त्यातलं जास्त अंगी लागतं.

गुळाच्या चहानं मात्र मला चांगलंच फसवलं. सकाळी भातावर आमटी, लगेच चहा. दुपारी भात, लगेच चहा. (माझं माहेर येळ्ळूरचं. तिथला बासमती शिजायला लागला की शेजारच्या घरापर्यंत वास जातो. भात सोडणं म्हणजे माहेर सोडल्यासारखंच.) पांढऱ्या भातात लोह नावालाच, आणि डाळीभाजीतून जे थोडं येतं ते चहा अडवतो. जेवणाबरोबर चहा घेतला तर भाजीपाल्यातलं लोह निम्म्याहूनही कमी शोषलं जातं. म्हणजे गूळ घालून मी लोह आणत होते आणि त्याच कपात ते बुडवत होते. वर सोमवार-गुरुवारचे उपास, त्यात साबुदाणा, म्हणजे नुसता पिठूळपणा, आणि पुन्हा चहा.

डॉक्टरीणबाईंनी मोठा आहारतक्ता दिला नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, गोळी दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घे, आणि जेवणात काहीतरी आंबट असू दे, म्हणजे लोह नीट अंगी लागतं. शौच काळं होईल, घाबरू नको. झालं तसंच. पहिले दहा दिवस पोट इतकं घट्ट धरलं की गोळी सोडून द्यावी असं वाटलं. मग त्यांनी गोळी दिवसाआड केली आणि निभावलं.

स्वयंपाकघर आत्तींनी हातात घेतलं. माळ्यावरून त्यांची लोखंडी कढई काढली, वीस वर्षांचा गंज चढलेली. चिंच आणि राखेनं घासली, चुलीवर तापवली, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवला आणि आतून फिरवत राहिल्या. कांदा काळा झाला की दुसरा. तिसऱ्या कांद्याला कढई आरशासारखी नाही, पण ओल्या काळ्या दगडासारखी चमकायला लागली. त्यात पहिली भाजी केली अंबाडीची. शेजारची कन्नड अक्का तिला पुंडी पल्या म्हणते, पेंडी तिच्याच परसातली. तूरडाळ, जोंधळ्याच्या कण्या, ठेचलेला लसूण. अंबाडी आंबट, आणि आंबट पदार्थ लोखंडातलं लोह ओढून घेतो. ते चांगलंच, पण मी भाजी रात्रभर कढईतच ठेवली. सकाळी ती शाईसारखी काळी, आणि चव पाच रुपयाचं नाणं चोखल्यासारखी. आत्तींनी माझ्याकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत, भाजी गाईला घातली. आता शिजली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढते.

एका वेळचा भात गेला, जोंधळ्याची भाकरी आली. माझी भाकरी पहिला आठवडा कडेला फाटायची. पाणी कढत हवं होतं, मी कोमट घेत होते. थंडीत बाजरीही आली, तिच्यात लोह जोंधळ्यापेक्षा जास्त. आठवड्यातून तीनदा मसूर, रात्री भिजवून मोड आणलेला, वरून लिंबू. हुलग्याचं कट, गुरेळची, म्हणजे कारळ्याची चटणी. रविवारी मटणाबरोबर थोडी कलेजी, कारण मांसातलं लोह सगळ्यात सहज अंगी लागतं. उपास मी सोडला नाही, साबुदाणा सोडला. राजगिरा आणि शेंगदाणे खाते, वर पेरू.

महिन्यानं 9.4. साडेतीन महिन्यांनी 12.1. याचं श्रेय अंबाडीला द्यायला आत्तींना फार आवडतं, पण खरं काम गोळ्यांनी आणि पाळीच्या औषधानं केलं. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. तेवढं पोटात जायला कच्चा मसूर पाऊण किलोच्या वर लागेल, म्हणजे किती पातेली ते बघा. हिमोग्लोबिन 12 च्या वर गेलं तरी साठा भरायला आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, त्या मी घेतल्या. जेवणाचं काम पुढचं आहे, पुन्हा खाली येऊ न देण्याचं.

चहा आता चार वाजता, मशीन थांबवून. त्यात गूळ घालते. चवीसाठी.

मागच्या महिन्यात लेकीचंही रक्त तपासलं. नववीत आहे. 10.6 निघालं. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, मग असं कसं? दप्तर उघडलं. कंपासपेटीत, खोडरबरच्या खाली, सात गोळ्या. "तोंडाला वास येतो ग," म्हणाली. मी लिंबू कापायला घेतलं.