वीज गेली की फोनही गेला

फोंड्यातल्या आमच्या घरी तांब्याच्या तारेचा जुना दूरध्वनी होता, तेव्हा पावसाळ्यात वीज गेली तरी तो चालू राही, कारण त्याला लागणारा 48 व्होल्टचा पुरवठा थेट एक्स्चेंजमधून येत असे. फायबरवरचा इंटरनेट फोन घेतला आणि ते सुख संपले. राउटर बंद पडला की फोन मुका. वीज असतानाही आवाजाची पाकिटे (इंटरनेटवरून आवाज ज्या छोट्या तुकड्यांत जातो ते) उशिरा पोहोचली किंवा वाटेत गळली की शब्द तुटत. म्हापशाची आत्या ‘चवथीला कधी येतोस?’ असे विचारी आणि मला ‘चव... तोस’ एवढेच ऐकू येई.

शेवटी मार्चमध्ये जोडणी बंद करण्याचा अर्ज दिला, राउटर परत केला आणि पावती जपून ठेवली. तरी एप्रिलचे बिल आलेच, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे नसलेल्या सेवेवर करसुद्धा! ग्राहक सेवेतील प्रत्येक नवा माणूस योजना स्वस्त करून देण्यास तयार, बंद करण्यास मात्र नाही. मग तक्रार क्रमांक मागून घेतला आणि तक्रार सोडवण्याची मुदत उलटल्यावर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे पावतीसह लेखी दाद मागितली. बिल रद्द झाले. अनामत रक्कम अजून यायची आहे.