रविवारची रेड

ऑनलाइन खेळात रेड टीम, म्हणजे बॉस नावाचे बलाढ्य शत्रू मिळून मारणारी टोळी, काढायची असेल तर आधी वार आणि वेळ पक्की करा. गिल्डचं (खेळाडूंच्या संघाचं) नाव, टॅबर्डचा (संघाच्या अंगरख्याचा) रंग, लूटचे (बॉसकडून मिळालेल्या वस्तूंच्या वाटपाचे) नियम हे सगळं मागाहून. वेळ ठरली की ती ज्यांना जमते तीच माणसं तुमच्याकडे येतात आणि टीमचा स्वभाव त्यांच्यावरून ठरतो.

मी हे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक'बद्दल सांगतेय. २०१९ च्या ऑगस्टअखेरीस ते सुरू झालं तेव्हा मी नाशिकहून युरोपातल्या सर्व्हरवर खेळायला लागले. वॉरक्राफ्टचे सर्व्हर भारतात नाहीत, त्यामुळे इथल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या तरी प्रदेशाच्या घड्याळावरच खेळावं लागतं. युरोपातल्या बहुतेक गिल्ड संध्याकाळी आठच्या सुमारास रेड सुरू करतात. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सकाळी सातला पहिलं सॅम्पल असतं. रात्री तीनपर्यंत जागून मला ते झेपणारं नव्हतं.

म्हणून मी जाहिरात टाकली: रविवार, दुपारी दोन, सर्व्हरची वेळ, तीन तास, पाचला बंद म्हणजे बंद. मला वाटलं होतं की चार-दोन भारतीय आणि गल्फमधले काहीजण येतील. आले ते भलतेच लोक. रात्रपाळीच्या नर्सेस, हॉटेलात संध्याकाळी स्वयंपाक करणारे, मुलांना झोपवायची जबाबदारी असलेले बाप, पहाटे तीनला भट्टी पेटवणारा एक बेकरीवाला. यांची संध्याकाळ कधीच त्यांची नसते. इतर गिल्डमध्ये त्यांना कायम राखीव म्हणून बसवलेलं. अशा माणसाला एकदा हक्काची जागा मिळाली की तो सहसा दांडी मारत नाही, हे मी खात्रीने सांगते.

मोल्टन कोअर या रेडच्या ठिकाणी चाळीस माणसं लागतात, पाच-पाचचे आठ ग्रुप. आकडा भरणं एक वेळ सोपं. खरी मेहनत आहे ती प्रत्येकाला आधीच खरं सांगण्यात. उदाहरणार्थ, क्लासिकमध्ये त्या वेळी एका बॉसवर एकूण सोळाच डीबफ (शत्रूवर लावलेले मारक परिणाम) राहू शकत होते. सतरावा लागला की आधीचा एखादा उडतो. आता वॉरलॉक या जादूगार पात्राची निम्मी मजा शत्रूवर शाप आणि रोग लावण्यात. चाळीस जणांच्या रेडमध्ये त्याला सांगावं लागतं की बाबा, तू फक्त शॅडोबोल्ट मार, करप्शन लावू नकोस. एकाला मी हे रेडच्या आदल्या दिवशी व्हॉइसवर बोलावून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "मग माझी गरज तरी काय?" मी त्याला गार या बॉसबद्दल सांगितलं. गारच्या भोवती फायरस्वॉर्न नावाचे आठ साथीदार असतात. वॉरलॉकच त्यांना बॅनिश करून बाजूला ठेवू शकतो. आठही जण एकदम टँकवर (शत्रूचे घाव स्वतःवर घेणाऱ्यावर) आले तर माझ्यासारखे दहा हीलर (जखमा भरणारे) असूनही उपयोग नाही. त्याच्या वाटचा फायरस्वॉर्न कुठला, त्यावर कुठली खूण असेल, बॅनिश संपायला आला की कधी परत लावायचा, हे आम्ही बसून ठरवलं. पुढे गारच्या लढाईत बाकीच्या वॉरलॉकना तोच सांभाळायला लागला. हेच मी ऐन रेडमध्ये, सगळ्यांसमोर, "करप्शन काढ" म्हणून ओरडून सांगितलं असतं तर तो दुसऱ्या रविवारी दिसला नसता.

लूटसाठी आम्ही पॉइंट ठेवले. ही पद्धत एव्हरक्वेस्ट या जुन्या ऑनलाइन खेळाच्या दिवसांपासून चालत आलेली आहे: रेडला आलात की पॉइंट मिळतात, वस्तू घेतली की कापले जातात. मी ते बॉसमागे ठेवले, कारण आमच्यातले काहीजण ड्युटीमुळे दीड तासच थांबू शकायचे. अर्ध्या रेडला अर्धे पॉइंट, त्यात कुणाचीच तक्रार नव्हती. अपवाद एकच, आणि तो पहिल्या रेडच्या आधीच लिहून टाकला होता. गार आणि बॅरन गेडन या दोन बॉसकडून क्वचित एकेक बाइंडिंग पडतं. दोन्ही जमली तरच थंडरफ्युरी ही तलवार बनते. ती मुख्य टँकच्या हातात असली तर बॉसचं लक्ष त्याच्यावर चिकटून राहतं आणि बाकीच्यांना मोकळेपणी मारता येतं. म्हणून दोन्ही बाइंडिंग टँकची, पॉइंट कितीही असोत. वस्तू जमिनीवर पडल्यावर नियम सांगायला गेलं की तो कुणाला नियम वाटत नाही. चांगल्या चाललेल्या गिल्ड याच एका गोष्टीवरून फुटलेल्या मी पाहिल्यात.

व्हॉइसवर कोण बोलणार, हेही असंच आधी ठरवावं लागतं. आमच्याकडे लढाई चालू असताना एकच आवाज. बॅरन गेडन कुणावर तरी लिव्हिंग बॉम्ब टाकतो. तो आठ सेकंदांत फुटतो आणि शेजारी उभे असलेले सगळे भाजून निघतात. ज्याच्यावर पडला त्याने काही न बोलता डावीकडच्या भिंतीकडे पळायचं. मी आधी नाव घ्यायचे, मग "आउट". नाव आधी, कारण तंद्रीत असलेला माणूस इतर काही ऐकत नसला तरी स्वतःचं नाव ऐकतो. चाळीस जणांत पंधरा तऱ्हांचं इंग्रजी होतं, लांब वाक्यं कुणालाच नीट कळायची नाहीत. पलीकडच्या खोलीतून आई विचारायची, "अगं, कुणावर एवढी ओरडतेयस?" मी सांगायचे, "ओरडत नाहीये गं, हाका मारतेय."

मेजर्डोमो या बॉसपर्यंत पोचायचं तर सात रून (जादूच्या जळत्या खुणा) विझवायचे असतात. त्यासाठीचं पाणी आणायला खेळातल्या अझ्शारा प्रांताच्या पार टोकाला, समुद्रातल्या बेटावर ड्यूक हायड्रॅक्सिसकडे जावं लागतं. कंटाळवाणी वारी. पण शनिवारी रात्री सात जण मिळून तिकडे जायचे आणि वाटेत ज्या गप्पा व्हायच्या त्यांतूनच मला कळायचं की कुणाची नोकरी जाणार आहे, कुणाचं कुणाशी बिनसलंय. त्या वारीला मी स्वतः लागत नसले तरी जायचे.

मग दिवाळी आली. २०१९ मध्ये लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला, रविवारी होतं. त्याच पहाटे युरोपची घड्याळं एक तास मागे गेली. म्हणजे आपल्याकडे साडेपाचला सुरू होणारी रेड साडेसहावर आली, ऐन पूजेच्या वेळेला. मी येणार नाही हे दोन आठवडे आधी सांगितलं होतं. काहींनी रेड पुढे ढकलू म्हटलं. मी नको म्हटलं. ज्यांनी पाळ्या बदलून तो रविवार मोकळा केलाय त्यांच्या वेळेची किंमत माझ्या वेळेइतकीच आहे.

मी सगळं लिहून बेकरीवाल्याकडे दिलं. आमचा मुख्य टँक तोच. मॅग्मॅडार या बॉसच्या वेळी फिअर वॉर्ड ही भीती रोखणारी जादू कोण टाकणार (मी ड्वॉर्फ वंशाची प्रीस्ट, त्यामुळे हे काम एरवी माझं, आता दुसरी ड्वॉर्फ प्रीस्ट करणार), ट्रँक्विलायझिंग शॉट (बॉसचा उन्माद शांत करणारा बाण) कुठल्या हंटरने आधी मारायचा, कुठला रून कोण विझवणार, गेडनला हाका कोण मारणार. रॅग्नरॉस हा शेवटचा बॉस तोवर आमच्याकडून पडलेला नव्हता. तीन मिनिटांत तो पडला नाही तर लाव्हात बुडी मारतो आणि आठ सन्स ऑफ फ्लेम (आगीचे साथीदार) सोडतो. दर वेळी तिथे आमची फळी मोडायची. त्या पानावर मी रॅग्नरॉसपुढे लिहिलं: सन्स आले की सगळे मेलीजवळ (जवळून लढणाऱ्यांजवळ) एकत्र, आणि मग तुला योग्य वाटेल ते.

पूजा झाली, आरती झाली, शेजारी फराळाची ताटं देऊन आले आणि साडेनऊच्या पुढे मोबाइल हातात घेतला. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर फोटो होता: रॅग्नरॉस आडवा, अवतीभवती उड्या मारणारी माणसं, निम्मी मेलेली. खाली बेकरीवाल्याने लूटची पूर्ण यादी टाकली होती, कुणाला काय मिळालं, किती पॉइंट कापले, एकही नोंद सुटलेली नाही. शेवटी लिहिलं होतं की सन्सना मारायला त्याने वॉरलॉकना आधीच दोन बाजूंना उभं केलं होतं, कल्पना त्या करप्शनवाल्याची.

मी फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, "यात तू कुठली?" मी नव्हते त्यात. मला इतका आनंद झाला होता की तो तिला कसा समजवावा ते कळेना. पुढच्या रविवारपासून गेडनच्या हाका मी ठेवल्या आणि रॅग्नरॉस बेकरीवाल्याकडेच राहू दिला.