कियाहक महिना आणि पाणी वाहणारा सायमन

कियाहक हा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांच्या, पंचांगातला चौथा महिना. 10 डिसेंबरच्या आसपास लागतो आणि 7 जानेवारीला त्यांचा नाताळ झाला की एक-दोन दिवसांत संपतो. सांगलीत हा महिना लक्षात ठेवणारं माझ्या ओळखीत कुणी नाही. मी ठेवते, म्हणजे रोज ड्यूटीला निघण्याआधी त्या दिवशी कुणाचं स्मरण आहे ते वाचते.

ही सवय कुवेतची. तिथे डोळ्यांच्या वॉर्डात माझ्याबरोबर इजिप्तमधल्या असियुतकडची एक कॉप्टिक सिस्टर होती, माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. नाइट ड्यूटीत ड्रॉप घालून झाले, पेशंट झोपले की ती मोबाइलवर सिनाक्सारियम उघडायची. वर्षातल्या प्रत्येक दिवसाचे संत आणि हुतात्मे त्यात असतात. त्यांच्या चर्चमध्ये उपासनेत बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांमधला उतारा झाला की त्या दिवसाचं सिनाक्सारियम वाचतात, मग पुढे शुभवर्तमान. ती अरबीत वाचायची आणि मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायची.

त्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि शेवटचा छोटा, पाच किंवा सहा दिवसांचा. वर्षांची मोजणी इ.स. 284 पासून, म्हणजे रोमन सम्राट डायोक्लेशियन गादीवर आला तेव्हापासून. त्याच्या राज्यात ख्रिस्ती लोकांची एवढी कत्तल झाली, की या कालगणनेला ते हुतात्म्यांचा शक म्हणतात. 2025 च्या सप्टेंबरात 1742 लागलं. ज्याने मारलं त्याच्या गादीपासून मोजायचं आणि नाव मात्र मेलेल्यांचं द्यायचं, हे मला फार मोठं वाटतं.

इजिप्तमधले मुसलमान शेतकरीही पेरणी-कापणीला हेच महिने धरतात. हिजरी महिने ऋतूंमधून सरकत जातात, हे जागचे हलत नाहीत. आपल्याकडे सण तिथीने करतात पण पेरणीला नक्षत्र बघतात, मृग दरवर्षी 7-8 जूनलाच निघतो, तसंच ते. प्रत्येक महिन्याची म्हण आहे. कियाहकची अशी, की तुझी सकाळ हीच तुझी संध्याकाळ. न्याहारीवरून उठ आणि रात्रीच्या जेवणाला लाग. एवढा दिवस लहान.

कियाहक महिना मरियेचा, येशूच्या आईचा. शनिवारी रात्री चर्चमध्ये स्तवनं सुरू होतात ती पहाटेपर्यंत. त्याला 'सात आणि चार' म्हणतात: मरियेची सात स्तोत्रं, चार मोठी स्तवनं. झांजा आणि ट्रायंगल, एवढीच वाद्यं. ती सिस्टर मला एकदा घेऊन गेली होती. शब्द एक कळत नव्हता, पण झांज कुठे पडणार ते कळत होतं, आणि पहाटेपर्यंत मी उठले नाही.

स्मरणं तर रोजचीच. 3 कियाहकला लहानग्या मरियेला मंदिरात अर्पण केलं तो दिवस. 4 ला प्रेषित आंद्रिया. 8 ला बार्बरा, बापाने मनोऱ्यात कोंडलेली मुलगी, आणि त्याच दिवशी संन्यासी सॅम्युअल, ज्यांना मारहाणीत एक डोळा गमवावा लागला. 10 ला निकोलस, 22 ला देवदूत गॅब्रिएल.

पण माझा दिवस 6 कियाहक, म्हणजे 15 डिसेंबर. त्या दिवशी दहाव्या शतकातल्या आब्राहम नावाच्या धर्मगुरूंचं स्मरण असतं. हे अलेक्झांड्रियाचे 62 वे पोप, म्हणजे कॉप्टिक चर्चचे प्रमुख. गोष्ट अशी सांगतात. खलिफा अल-मुइझच्या दरबारात वाद झाला आणि आब्राहमना आव्हान मिळालं. मोहरीएवढा विश्वास असला तर डोंगर हलतो, असं तुमच्या ग्रंथात आहे ना, मग कैरोजवळचा मुकत्तम डोंगर हलवून दाखवा, नाहीतर परिणाम भोगा. आब्राहमनी तीन दिवस मागून घेतले. सगळ्या चर्चने उपास धरला. तिसऱ्या पहाटे मरियेने त्यांना सांगितलं, बाहेर जा, पाण्याचं भांडं घेतलेला एकडोळ्या माणूस भेटेल, तुझं काम त्याच्या हातून होईल.

तो सायमन, कातडी कमावणारा. पहाटे उठून म्हाताऱ्या आणि आजारी माणसांच्या घरी पाणी भरायचा आणि मग कामावर जायचा. त्याने एकच अट घातली, माझं नाव कुणाला सांगू नका. डोंगरासमोर सगळे 'प्रभो, दया कर' म्हणत खाली वाकले, आणि उठताना दर वेळी डोंगर वर उचलला गेला, खालून सूर्य दिसला. आब्राहम मागे वळून बघतात तर सायमन कुठेच नाही.

त्याचा डोळा कसा गेला तेही सांगतात. चप्पल शिवायला आलेल्या बाईकडे वाईट नजरेने बघितलं म्हणून त्याने स्वतःच आरीने फोडला. माझं आयुष्य डोळे वाचवण्यात चाललंय, हा भाग मला पटत नाही आणि मी तो कुणाला सांगतही नाही. माझा सायमन पाण्याचा. त्या सिस्टरने दिलेलं त्याचं छोटं चित्र माझ्या डब्याच्या पिशवीत असतं. खांद्यावर घडा, मान भाराने एका बाजूला कललेली, आणि घड्याखाली फडक्याची चुंबळ.

माझं माहेर जत तालुक्यातलं. टँकर येईपर्यंत आणि आला तरी, आईच्या खांद्याचं आणि मानेचं काय होत होतं ते मी बघितलंय. शेजारच्या आंधळ्या आजीची घागर आधी भरायची, मग आपली, असा तिचा नेम होता. तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा डोंगराचं तिला काही वाटलं नाही. म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी पाणी घालायचा म्हंजे देवमाणूसच की गं."

आज त्याच मुकत्तमच्या कपारीत सायमनच्या नावाचं प्रचंड मोठं चर्च आहे, डोंगर कोरून केलेलं. भोवती वस्ती कैरोचा कचरा गोळा करणाऱ्यांची, 1970 च्या सुमारास तिथे हलवलेल्यांची. शहराची घाण उपसणाऱ्या माणसांना याच्यापेक्षा जवळचा संत कुठला मिळाला असता?

नाताळाआधीचा त्यांचा उपास 43 दिवसांचा असतो, मांस, दूध, अंडी नाहीत, मासे मात्र बहुतेक दिवस चालतात. त्यातले चाळीस नाताळासाठी आणि तीन त्या डोंगराचे. डोंगराचे ते तीन दिवस सुरुवातीला, 25 नोव्हेंबरपासून, मी धरते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याची उसळ. यंदा आई म्हणाली, मीबी धरते. तिच्या शुगरच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून जेवणाची वेळ मी चुकवू दिली नाही. चहा मात्र तिने तिन्ही दिवस कोराच घेतला.