सव्वीस जानेवारीला क्लास आहे ना?

यंदा 26 जानेवारी नेमकी सोमवारी आली, आणि सोमवार-गुरुवार माझी दहावीची गणिताची बॅच असते. शनिवारी रात्री साडेदहाला मेसेज, "मॅडम, सोमवारी सुट्टी आहे ना?" आणि पाचच मिनिटांनी त्याच घरातून आईसाहेबांचा, "मॅडम, सोमवारी क्लास आहे ना?"

आता फी महिन्याची, तास आठ धरलेले. एक बुडाला तर कोथरूडात तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण "मग भरून कधी काढणार?" असं इतक्या गोड आवाजात विचारतात की आपल्यालाच चोरट्यासारखं होतं. त्यात बोर्ड 20 फेब्रुवारीपासून, म्हणजे मोजून 25 दिवस, आणि भूमितीचा पेपर 40 मार्कांचा अन् आमचं वर्तुळ अजून अर्धंच. पण शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडून सुट्टी, पाचातली दोन पोरं आधीच दिवेआगरला पोचलेली, म्हणजे तिघांना शिकवा आणि त्या दोघांसाठी तेच परत उगाळा.

खरं सांगू का, सुट्टी मलाच हवी होती. लहानपणी झेंडावंदन करून घरी आलं की बाबांनी आणलेली जिलबी खायची आणि मग दिवसभर काही म्हणजे काही करायचं नसायचं. शाळेतल्या सरांना पगारी सुट्टी असते, आम्हा घरगुती क्लासवाल्यांना ती स्वतःकडेच मागावी लागते आणि आपण स्वतःला फार कडक साहेब असतो.

शेवटी नेहमीसारखा धड ना इकडचा ना तिकडचा निर्णय घेतला, "दहाला या, फक्त एक तास."

आले तिघं, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला टाचणीने लावलेला कागदी झेंडा. मेसेजवाल्याच्या हातात जिलबीचं पुडकं, "आईने दिलंय." (लाच म्हणायची की आभार, कळेना.) पाक कागदातून झिरपून थेट वहीवर, स्पर्शिकाखंडाच्या प्रमेयावर. बाहेरच्या बिंदूतून काढलेले दोन्ही स्पर्शिकाखंड एकरूप असतात, ते कर्णभुजा कसोटीने सिद्ध करता करता सगळ्यांची बोटं चिकट. मग एकाला छेदिकेचं गणित अडलं, मग दुसऱ्याला, आणि घड्याळात बघितलं तर पावणेबारा.

दुपारी आडवी होते न होते तोच दिवेआगरहून मेसेज, "मॅडम, आजचं गुरुवारी परत घ्याल ना?"